बाहेरचा कोण?

(धुळ्यात युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी वक्ता नाही. मुंबईला गोदीत माल उचलतो. मॅट्रिक झालोय, कविता करतो. गाव जळगाव जिल्ह्यातलं. तुमच्यातल्या पोरांनी विचारलं, 'भो, गाणारे, खेळणारे, सिनेमावाले दुसऱ्या देशाच्या राजकारणात तोंड घालतात, ते बरोबर का?' मी म्हणतो, आधी बघा, 'तोंड घालू नका' असं म्हणतंय कोण?

२०२१ चा फेब्रुवारी आठवा. दिल्लीच्या वेशीवर शेतकरी दोन महिने थंडीत बसलेले. बार्बाडोसची काळी गायिका रिहाना, तिनं ट्विटरवर एक ओळ टाकली : ह्याच्यावर आपण का बोलत नाही? झालं! दुसऱ्या दिवशी परराष्ट्र खात्याचं पत्रक निघालं. सचिन तेंडुलकर म्हणाला, बाहेरच्यांनी बघावं, भाग घेऊ नये. लता मंगेशकरांनीही तोच सूर लावला.

'बाहेरचा' हा शब्द आपल्याला कोणी शिकवू नये. आपण पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेरचे. गाव वस्तीवर बहिष्कार टाकतं, पाणी तोडतं. शहरातनं कोणी विचारायला आला की पाटील काय सांगतो? 'हाई आमना गावनं भांडन शे.' २००१ साली डर्बनला वंशवादाविरुद्ध संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. आपली माणसं जातीचा प्रश्न घेऊन तिथं गेली. सरकार म्हणालं, जात ही आमची अंतर्गत बाब. म्हणजे पाटलाचंच बोलणं, फक्त इंग्रजीतनं!

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या काळ्या गुलामांसाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ च्या सुमारास काळ्यांचे पुढारी डू बॉइस यांना पत्र लिहिलं, अमेरिकन निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ ला आपण पँथर हे नाव घेतलं ते ओकलंडच्या काळ्या पोरांचं. कोणाची परवानगी काढली होती? तेव्हा बाहेरचा बोलला म्हणून आपण बोंब मारायची नाही.

मग रिहानाची आरती ओवाळायची? तेही नाही. त्या आंदोलनात अंबानी-अदानींविरुद्ध घोषणा होत्या. २०२४ च्या मार्चमध्ये तीच रिहाना जामनगरला अंबानींच्या लग्नाआधीच्या जलशात गायली. ओळ खरी होती, पण त्या ओळीपायी तिनं काही गमावलं नाही.

महंमद अलीनं गमावलं. १९६७ साली तो म्हणाला, व्हिएतनामवर लढायला जाणार नाही. जगज्जेतेपद काढून घेतलं, पाच वर्षांची सजा ठोठावली. तीन वर्षांवर तो रिंगणाबाहेर राहिला, तेही ऐन उमेदीत. १९७१ ला वरच्या कोर्टानं सजा रद्द केली, पण गेलेली वर्षं कोर्ट देतं का? नामवंताला माप लावायचं ते हे. कुठल्या देशाचा ते विचारू नका. किंमत किती मोजली ते विचारा.

आता हेच माप मी मला लावतो. मे २०२४ मध्ये राफाचं ते चित्र कोट्यवधी लोकांनी इन्स्टाग्रामवर टाकलं. मीही टाकलं. छाती फुगली. त्याच आठवड्यात आमच्या टोळीतला एकजण गोणीखाली येऊन पाय मोडून बसला. ठेकेदारानं एक पैसा दिला नाही. मी जाब विचारला नाही. हजेरी तुटेल म्हणून गप्प बसलो. गाझासाठी माझं तोंड उघडलं, कारण गाझाचा मुकादम माझी हजेरी घेत नव्हता. सालं, मग मी कसला कवी?

आणि आधी तीनच महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीत, देशातल्या मोठ्या बंदरांमधल्या कामगारांच्या फेडरेशननं जाहीर केलं होतं : इस्राएलला जाणारी हत्यारं आम्ही चढवणार नाही, उतरवणार नाही. त्यांच्यात कोणी स्टार नव्हता. सगळे हातावर पोट असलेले. माझ्यासारखेच. मी त्यांच्यात नव्हतो.

साथींनो, पॅलेस्टाइनबद्दल बोला, काळ्यांबद्दल बोला, कोणी अंतर्गत बाब म्हणालं तर दुप्पट बोला. पण ज्या दिवशी फोनवर ते चित्र टाकाल, त्या दिवशी आपल्या नाक्यावर, आपल्या कारखान्यात, आपल्या वस्तीत जे बोलायचं राहिलंय तेही बोला. मी मुंबईला गेलो की त्या ठेकेदाराकडे जाणार आहे. उशीर झालाय. तरी जाणार आहे.

जय भीम.