वाऱ्याची वीज आणि पाण्याची कोठी

धान्य कोठींत भरतां येतें, पाणी हौदांत सांठवितां येतें; वीज मात्र उत्पन्न होते त्याच क्षणीं खपावी लागते. कोळशाच्या केंद्रास ही अडचण जाणवत नाहीं, कारण कोळशाचा ढीग हीच त्याची कोठी. पण नंदुरबार जिल्ह्यालगत, साक्री तालुक्यांतील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांचा धनी वारा. आषाढांत तो रात्रंदिवस घोंघावतो आणि कार्तिकांत पातीं बहुधा निवांत उभीं असतात. सूर्याचें तर विचारावयासच नको. दिवेलागणीला, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळीं, तो घरीं गेलेला असतो!

यावरचा सर्वांत जुना व भरंवशाचा तोडगा अगदीं साधा आहे. वीज उतूं जाते तेव्हां तिच्या बळावर खालच्या तलावांतील पाणी वरच्या तलावांत चढवावयाचें आणि टंचाईच्या वेळीं तेंच पाणी खालीं सोडून जनित्र फिरवावयाचें. शंभर युनिटें खर्चिलीं तर पंचाहत्तर ते ऐशीं परत मिळतात. उरलेलें कोठीचें भाडें समजावें. सह्याद्रींत घाटघर येथें २५० मेगावॅटचें असें केंद्र २००८ पासून आहे.

नंदुरबारच्या उत्तर सीमेवर नर्मदा आहे. गुजरातेंतील सरदार सरोवराच्या भूमिगत केंद्रांत २०० मेगावॅटचीं सहा यंत्रें आहेत. तीं उलट फिरवून पाणी वर चढवितां यावें अशीच त्यांची घडण आहे. त्यासाठीं खालच्या अंगास गरुडेश्वर येथें बंधाराही घातला आहे. विजेंत महाराष्ट्राचा वांटा २७ टक्के. पण कोठीला जागा कोणीं दिली? अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गांवांची जमीन, कोठें सर्व तर कोठें अंशतः, त्या पाण्याखालीं गेली. अक्राणींतील बिलगांवच्या आदिवासींनीं केरळांतील तंत्रज्ञांच्या साहाय्यानें, श्रमदान करून, २००३ सालीं उदई नदीवर बांध घातला व १५ किलोवॅटचें स्वतःचें केंद्र चालविलें. (शहरांतील पुष्कळांनीं ‘स्वदेस’ चित्रपटांत असाच दिवा पेटतांना पाहिला असेल.) २००६ सालीं सरदार सरोवराचें पाणी चढलें आणि तें केंद्र बुडालें.

आतां सह्याद्रींत अशा नव्या कोठ्या आंखल्या जात आहेत. शंभर मीटर उंचीवर एक युनिट ठेवावयास सुमारें ३,७०० लिटर पाणी लागतें. उंची चारशें मीटर मिळाली तर ९०० लिटर पुरतें, आणि तलावही तितकाच आटोपता होतो.