रात्रीची रोजकीर्द

रोजनिशी लिहावी असे आपणा सर्वांना वर्षातून एकदा तरी वाटतेच. जानेवारी उजाडतो, कोणीतरी एक गुळगुळीत पुठ्ठ्याची डायरी भेट देतो, आणि पहिल्या पानावर आपण सुवाच्य अक्षरात नाव घालतो. चार दिवस ‘पहाटे उठलो’ येथपासून सारे काही लिहून होते. पुढे पहाटे उठणेही थांबते आणि लिहिणेही. मार्चनंतर त्या वहीत धोब्याचे कपडे आणि दुधाचा हिशेब एवढेच उरते.

माझी गोष्ट याहून थोडी वाईट आहे. मी लिहिणे थांबवले नाही! पाच वर्षे मी नेमाने रोजनिशी लिहीत होतो. पुढे बिऱ्हाड बदलताना त्या वह्या हाती लागल्या, म्हणून चाळू लागलो, आणि काय सांगू श्रोतेहो, मला माझीच लाज वाटली. कोण काय बोलले, कोणी मान राखला नाही, कोण उपकार विसरले, याचीच पाने भरलेली. वाण्याच्या दुकानात उधारीची वही असते ना, तशीच ती होती. साऱ्या जगाकडे माझे येणे निघत होते. मी कोणाचे काही देणे लागतो, असे मात्र एकही पान त्यात नव्हते.

त्याच सुमारास मार्कस ऑरेलियस या रोमन सम्राटाची वही माझ्या वाचनात आली. हा इ. स. १२१ मध्ये जन्मला, १६१ मध्ये गादीवर आला आणि १८० मध्ये वारला. सम्राट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सुखविलास येतो. याच्या वाट्याला काय आले पाहा. आधी पूर्वेकडे पार्थियनांशी युद्ध. तेथून परतलेल्या फौजेबरोबर एक भयंकर साथ आली आणि ती वर्षानुवर्षे माणसे नेत राहिली. उत्तरेस डॅन्यूब नदीकाठी टोळ्यांशी लढाई. घरात अनेक मुले लहानपणीच दगावलेली. आणि १७५ मध्ये अविडियस कॅसियस या त्याच्याच नामांकित सेनापतीने बंड पुकारले.

असा हा माणूस छावणीत बसून ग्रीक भाषेत स्वतःपुरती टिपणे लिहीत असे. एका भागाखाली ‘क्वाडी लोकांच्या मुलखात, ग्रानुआ नदीकाठी’ अशी नोंद आहे, तर दुसऱ्या ठिकाणी कार्नुन्टम या लष्करी ठाण्याचे नाव आहे. हे ठाणे आजच्या ऑस्ट्रियात येते. या टिपणांचे बारा भाग आज उपलब्ध आहेत. ती छापून निघाली १५५९ मध्ये, झुरिक येथे. म्हणजे लिहिणारा जाऊन जवळजवळ चौदाशे वर्षे लोटल्यावर! त्यांत तारखा नाहीत, विजयांची वर्णने नाहीत, बंडखोरावर आगपाखडही नाही. जे काही आहे ते स्वतःला सांगितलेले आहे.

मला चकित केले ते त्याच्या पहिल्या भागाने. तो सगळा भाग म्हणजे देण्यांची यादी आहे. आजोबांकडून काय घेतले, आईकडून साधे राहणे कसे शिकलो, दत्तक वडिलांकडून काय, कोणत्या गुरूकडून काय. रस्टिकस नावाच्या गुरूने आपल्या संग्रहातून एपिक्टेटसच्या प्रवचनांची टिपणे वाचायला दिली, याचीही नोंद आहे. त्याच गुरूकडून आणखी एक गोष्ट शिकल्याचे तो लिहितो : ज्याने आपल्याला दुखावले तो परत यायला तयार झाला, की आपणही लगेच समेटाला तयार असावे.

हा एपिक्टेटस कोण? जन्माने गुलाम, पायाने अधू. पुढे मुक्त झाला आणि निकोपोलिस गावी शिकवू लागला. त्याचे शब्द शिष्य अ‍ॅरियन याने टिपले म्हणून आपल्याला ठाऊक. त्याची शिकवण थोडक्यात अशी : काही गोष्टी आपल्या हातातल्या आणि काही नाहीत. शरीर, पैसा, लौकिक, दुसऱ्याचे बोलणे ही पूर्णपणे आपल्या ताब्यात नाहीत. त्यांवर आपण काय मत बनवतो आणि काय करायचे ठरवतो, ते मात्र आपले. हे विचार रोज घोळवावे आणि रोज लिहावे, असेही तो शिष्यांना सांगे. गुलामाची ही शिकवण सम्राटाच्या वहीत उतरली, हेच मला या पंथाचे मोठे प्रशस्तिपत्र वाटते. पंथाचे नाव स्टोइक. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अथेन्समध्ये झीनो नावाचा विचारवंत एका चित्रांनी सजवलेल्या ओसरीत शिकवीत असे. त्या ओसरीला ‘स्टोआ’ म्हणत, त्यावरून हे नाव पडले.

मार्कसच्या वहीतली एक युक्ती मी उचलली. तो स्वतःस बजावतो, की जेवढे दिसले वा ऐकले तेवढेच मनाला कळव, पदरचे घालू नकोस. अमका तुझ्याविषयी वाईट बोलला, ही बातमी झाली. त्याने तुझे नुकसान झाले, हे बातमीत नव्हते. ते तू जोडलेस.

माझ्या जुन्या वहीत एक पान थोरल्या भावाविषयी होते. वडिलांच्या आजारपणात तो गावी राहून त्यांचे सारे करीत होता, आणि मी शहरातून पैसे पाठवीत होतो. पानावर होते : ‘दादाने आज चारचौघांत माझा अपमान केला.’ त्यानंतर दोन वर्षे आमचा पत्रव्यवहार नव्हता.

मी एक कोरा कागद घेतला. काय घडले? दादा म्हणाला होता, ‘पैसे पाठवले म्हणजे रात्री उठावे लागत नाही.’ एवढेच घडले. ‘अपमान’ हा शब्द माझा. बरे, त्याचे वाक्य खोटे होते का? मुळीच नाही. आणि त्याआधी मी काय बोललो होतो? ते वहीत नव्हते. आठवायला बराच वेळ लागला, कारण आठवायचेच नव्हते. मी विचारले होते, ‘एवढे पैसे जातात तरी कुठे?’ रात्ररात्र जागणाऱ्या माणसाला, पाहुण्यांच्या देखत!

त्याच रात्री ‘तीर्थरूप दादास’ असे लिहून मी पत्राला बसलो. आठ दिवसांनी उत्तर आले. भांडणाचा त्यात उल्लेख नव्हता. ‘आईचे गुडघे दुखतात, मुलांना घेऊन कधी येतोस?’ एवढेच होते.

आता कोणी म्हणेल, हे रोज स्वतःला धारेवर धरणे बरे नव्हे. खरे आहे. त्यासाठी सेनेकाकडे जावे. हा नीरोचा शिक्षक. अफाट धनवान, आणि त्यामुळे टीकेचाही धनी. त्याची रात्रीची रीत फार लोभस आहे. दिवा नेला, बायको गप्प झाली, की तो सबंध दिवस स्वतःपुढे मांडी. या वादात तू फार तावातावाने बोललास, त्या माणसाला इतके स्पष्ट बोललास की तो सुधारला नाही, नुसता दुखावला. असे काहीही न लपवता तो पाही आणि स्वतःला सांगे, की यावेळी क्षमा केली, पुन्हा करू नकोस. त्यानंतर झोप कशी शांत लागते, हेही तो सांगतो. चूक दाखवायची ती उद्यासाठी, आजचा कोरडा ओढण्यासाठी नव्हे.

अशाने कोणी संत होत नाही. मार्कसचा मुलगा कॉमोडस याचे राज्य किती वाईट निघाले ते इतिहासात आहेच, आणि त्याला वारस नेमले ते मार्कसनेच. वही लिहिली म्हणून शहाणपण चुकत नाही असे नाही. वहीने एवढेच होते, की आपली चूक आपल्याला लवकर दिसते.

व्यापारी रोजकीर्द लिहितात. त्यांचा नियम असा, की आलेले आणि गेलेले दोन्ही मांडायचे. एकच बाजू लिहिली तर ती रोजकीर्द नव्हे, ती फसवणूक. मनाच्या वहीलाही हाच नियम लावावा. चार ओळी पुरतात : आज काय घडले, मी त्यात पदरचे काय घातले, माझे कुठे चुकले, आणि कोणाचे देणे राहिले.

आता थोड्या वेळाने आपण रेडिओ बंद कराल, दिवाही मालवाल. त्यापूर्वी त्यातली शेवटची ओळ तेवढी लिहून पाहा. माझी खात्री आहे, एखादे नाव तिथे नक्की येईल. मग दुसरे दिवशी एक पोस्टकार्ड आणायचे.