एका ओळीचा नेम

आपल्याकडे वर्षारंभ एकच नाहीं. एक जानेवारी आहे, चैत्रांतला पाडवा आहे, आणि व्यापारीमंडळींच्या नव्या वह्यांचा दिवाळीचा पाडवाहि आहे. त्यामुळें संकल्प करणाऱ्याची मोठी सोय झाली आहे. जानेवारींत बुडालेला संकल्प चैत्रांत वर काढतां येतो, व चैत्रांत तो पुन्हां बुडाला तर कार्तिकाची वाट पाहतां येते. या सोयीचा मीं पुष्कळ वर्षें मनमुराद उपयोग केला आहे; म्हणून या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे असें मी समजतों.

माझ्या जुन्या रोजनिश्या अजून कपाटांत आहेत. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर वळणदार अक्षरांत संकल्पांची यादी आहे. पहांटे चारला उठणें, संस्कृत पुन्हां उजळणें, समग्र ज्ञानेश्वरी अर्थासह वाचणें, राग सोडणें. चवथ्या-पांचव्या पानापासून मात्र दुधाचा हिशेब सुरू होतो.

आमच्याच घरांत पूर्वीं निराळ्या पद्धतीचे संकल्प होत आणि ते पारहि पडत. माझी आई चातुर्मासांत तुळशीची लाखोळी वाही. एक लाख पानें हा आंकडा ऐकून लहानपणीं माझी छाती दडपून जाई. पुढें गणित शिकवूं लागल्यावर मीं तो भागाकार करून पाहिला. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, मध्यें अधिक मास नसला तर, सुमारें ११८ दिवस होतात. लाखाला ११८ नें भागलें कीं रोजचीं ८४७ पानें येतात व बाकी ५४ उरते. आईला भागाकार येत नव्हता. पण रोजचा वांटा किती, तो कोणत्या वेळीं वाहावयाचा आणि नेम कोणत्या दिवशीं संपावयाचा, हें तिला पक्कें ठाऊक होतें. शेवटीं उद्यापन होई, सवाष्ण जेवे, आणि ती मोकळी होई. माझ्या रोजनिशींतल्या एकाहि संकल्पाला उद्यापनाची तिथि नव्हती. राग सोडण्याचें उद्यापन माणसानें कोणत्या दिवशीं करावें?

पूजेच्या आरंभीं भटजी जो संकल्प सांगतात तोहि असाच काटेकोर असतो. संवत्सर, अयन, ऋतु, मास, पक्ष, तिथि, वार, इतकेंच काय पण गोदावरीच्या कोणत्या तीरावर आपण बसलों आहोंत, हें सारें उच्चारल्याशिवाय पुढचें कर्म सुरू होत नाहीं. मग पळीनें पाणी सोडावयाचें. आम्ही स्थळकाळ गाळतों, आणि पाणी तेवढें संकल्पावरच सोडतों.

अमेरिकेंतील बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) यांनीं आत्मचरित्रांत आपल्या नेमाची हकीकत दिली आहे. त्यांचा हव्यास मोठा, म्हणजे निर्दोष होण्याचा. पण रीति लहान. तेरा गुण निवडून एका आठवड्यास एकाच गुणाकडे विशेष लक्ष द्यावयाचें, छोट्या वहींत सात वारांचे रकाने आंखावयाचे, आणि चूक झाली कीं तेथें काळी खूण करावयाची. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षांत चार. व्यवस्थितपणानें आपणांस फार छळलें व तो पुरता साधला नाहीं, हेंहि त्यांनीं मोकळेपणीं लिहिलें आहे. मला त्या तेरा गुणांपेक्षां ती काळी खूणच अधिक आवडते.

मी हें सारें शाळेंत मुलांना सांगत असें. स्वतः शिकलों तें मात्र पासष्टी जवळ आल्यावर. २०२४ च्या भाद्रपदांत मला पक्षाघाताचा झटका आला. बोलणें सुधारलें, चालणें सुधारलें. उजवा हात तेवढा मागें राहिला. निवृत्तिवेतन काढावयास गेलों तों सही जुळेना. बँकेंतला तरुण अत्यंत नम्रपणें म्हणाला, "गुरुजी, अंगठा द्या, चालेल." पस्तीस वर्षें मीं मुलांना बजावलें होतें कीं, बाबांनो, अंगठेबहाद्दर राहूं नका. शाई पुसण्यासाठीं त्यानें दिलेला कागदाचा कपटा मीं तसाच खिशांत घालून घरीं आणला.

२०२५ च्या एक जानेवारीस डाव्या हातानें रोजनिशींत लिहिलें, 'पाडव्यापर्यंत अक्षर पूर्ववत् करीन. रोज दोन पानें.' तिसऱ्या दिवशीं लेखणी भिंतीवर आपटली. आठव्या दिवशीं वही कपाटांत गेली. संक्रांतीच्या संध्याकाळीं सौ. नें नातवाच्या वह्यांतली एक कोरी दुरेघी माझ्यापुढें ठेवली.

"अहो, दोन पानें कशाला? दिवेलागणीला एक ओळ लिहा. स्वतःचें नांव. पाडव्यापर्यंतच."

मीं विचारलें, एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशीं दोन ओळी ना? गणिताच्या मास्तरास बाकी पुढें नेण्याची खोड असतेच.

"नाहीं. चुकली ती चुकली. दुसऱ्या दिवशीं एकच."

हा नियम मला प्रथम ढिलाईचा वाटला. फाल्गुनांत पांच दिवस ताप आला तेव्हां त्याचें मर्म कळलें. माझ्या हिशेबानें सहाव्या दिवशीं माझ्यापुढें सहा ओळी उभ्या राहिल्या असत्या, आणि मीं वही पुन्हां कपाटांत ठेवली असती.

१४ जानेवारी ते ३० मार्च, म्हणजे संक्रांतीपासून पाडव्यापर्यंत, ७६ दिवस झाले. ओळी भरल्या ६७. पहिल्या वीस ओळींतलें माझें नांव माझें मलाच वाचतां येत नाहीं. चाळिसाव्या ओळीच्या सुमारास काना सरळ उभा राहूं लागला. पाडव्याला पाटीपूजनाच्या वेळीं नातवाच्या पाटीशेजारीं सौ. नें ती दुरेघी ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलें, आणि मला श्रीखंडाची दुसरी वाटी मिळाली. एवढेंच उद्यापन.

एप्रिलांत मीं बँकेंत नव्या सहीचा नमुना दिला. अक्षर थरथरतें आहे, आणि तें आतां पूर्वीचें होईल असें मला वाटत नाहीं. पण दर महिन्यास तें जुळतें.

येत्या संक्रांतीपासून नेम थोडा वाढविणार आहें. नांवाऐवजीं मजकुराची एक ओळ, आणि मुदत पुन्हां पाडव्यापर्यंतच. या भाषणाचा पहिला परिच्छेद मीं स्वतः लिहिला. त्याला नऊ दिवस लागले. उरलेला मीं सांगितला आणि नातीनें उतरून घेतला. तिचें अक्षर फार घाईचें आहे; तेव्हां वाचतांना मी मध्यें कोठें अडखळलों असेन, तर तो दोष तिचा समजावा.