जसं झुडूप, तसं हत्यार



उन्हाळा सरत आला की बांध, विहिरीची वाट, घरामागची पडीक जागा साफ करायचं काम निघतं. हे काम बहुतेक घरांत बायकांच्याच वाट्याला येतं आणि हातात येतं ते खुरपं. कुदळ-टिकाव गड्यांचा, खुरपं बाईचं, असं जणू ठरूनच गेलंय. मग बोटाएवढ्या जाड घाणेरीवरसुद्धा आपण उकिडव्या बसून खुरपं मारत राहतो. दिवस जातो, कंबर धरते आणि मजुरी गड्यांपेक्षा कमीच पडते. म्हणून आम्ही गटात एक रीत पाडलीय. आधी झुडूप बघायचं, मग हत्यार उचलायचं.

आधी बघायचं ते खोड. गवत, टाकळा, गाजर गवत यांना लाकडी खोड नसतं. इथे खुरपं आणि विळा चांगले. नुसतं गवत कापायचं असेल तर दातेरी विळा घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा त्याच जातीचा आहे. दातेरी विळा ओढून कापतो, त्याला सारखी धार लावावी लागत नाही. पण तोच विळा लाकडी झुडपावर चालवला तर दाते जातात.

गाजर गवत मात्र कापू नका, उपटा. हे गवत आपल्याकडे 1950च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलं आणि आज कुठे नाही ते विचारा! पाऊस पडून माती ओली झाली की फुलं यायच्या आत मुळासकट काढायचं. हातमोजे घालायचे, नाक-तोंड रुमालाने बांधायचं. त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दम्यासारखा त्रास होतो.

आता लाकडी खोडाची झुडपं. घाणेरी, बोराटी, वेड्या बाभळीची रोपं. खोड अंगठ्याएवढं असेल तोवर कोयता पुरतो. मनगटाएवढं झालं की कुऱ्हाड. कोयत्याचं काम ओढण्याचं नाही, घाव घालण्याचं. दुसऱ्या हातात काठीचं बेळकं धरा, त्याने फांदी दाबा आणि घाव पायापासून लांब जाईल असा घाला. काट्यात हात घालून फांदी धरायची नाही.

इथे एक गोष्ट नीट ऐका. कोयता जमिनीलगत मारला की मातीला, दगडाला लागून धार जाते. म्हणून हात आपोआप वर राहतो आणि चार बोटं उंच, तिरपे खुंट मागे उरतात. हे खुंट वाळले की भाल्यासारखे होतात, चपलेतून आरपार जातात. त्या वाटेने पोरं शाळेत जातात, आपण डोक्यावर भारा घेऊन चालतो, खाली बघता येत नाही. तेव्हा वाटेवरचं झुडूप वरून कापून सोडायचं नाही. आधी कोयत्याने फांद्या मोकळ्या करायच्या, मग टिकावाने बुंध्याभोवतीची माती उकरायची आणि मूळ मातीच्या आत तोडायचं.

घाणेरीला तर हाच उपाय. वरून कापली की बुंध्यातून पुन्हा फुटते आणि आधीपेक्षा दाट होते. वर्षाला तीच मजुरी, तेच काम. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी जंगलातल्या घाणेरीसाठी एक पद्धत बसवली. जिथून फुटवे येतात त्या भागाच्या खाली, जमिनीत दोन-तीन बोटं आत, मुख्य मूळ तोडायचं. मग झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं वर. मातीला टेकलं नाही की पुन्हा रुजत नाही. याला टिकावाचं रुंद पातं पुरतं, अख्खा खड्डा खणायची गरज नाही. पिकलेली फळं असतील तर ती तिथेच पडू देऊ नका, आणि पाखरं बसतात त्या झाडांखाली पुढच्या पावसाळ्यात रोपं शोधा.

पण बांधाच्या उतारावर टिकाव जपून चालवा. मुळं माती धरून ठेवतात. पावसाच्या तोंडावर सगळा बांध उकरला तर माती शेजारच्या रानात जाईल. तिथे घाणेरीसारखं नको ते तेवढं काढा, बाकी विळ्या-कोयत्याने कापा, गवत राहू द्या.

हत्यार घेताना दांडा बघा. मुठीत धरल्यावर अंगठा बोटांना टेकला पाहिजे. बाजारातले दांडे बहुतेक गड्यांच्या हाताच्या मापाचे असतात. सुताराकडून आपल्या मापाचा करून घ्या. टिकाव दुकानातच दहा वेळा उचलून बघा. दहाव्या वेळी हात थरथरला तर हलका मागा. काम सुरू करण्याआधी पातं हलत नाही ना ते तपासा. कोयता पाजवून घ्या. बोथट कोयता जास्त जोर मागतो आणि घसरून पायावर येतो.

गवत कापायचं मोटारीचं यंत्र घ्यावं का, असं गट विचारतात. मोठं रान असेल, चार जणींनी आळीपाळीने भाड्याने चालवायचं असेल तर विचार करा. नायलॉनची दोरी गवतासाठी, लोखंडी पातं झुडपासाठी. दोरीने झुडूप कापलं जात नाही. यंत्र खडे उडवतं, म्हणून चष्मा, बूट हवेतच आणि पंधरा मीटरच्या आत कोणी नको. पदर सोडून चालवायचं नाही. सलवार किंवा पँट आणि वर शर्ट घाला, केस बांधा. आणि ध्यानात ठेवा, यंत्रसुद्धा वरूनच कापतं. मूळ आपल्यालाच काढावं लागतं.

कुठलंही हत्यार असो, आधी लांब काठीने झुडूप बडवा. घोणस, फुरसं अशाच जागी असतं. चावलंच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिक नाही. 108 ला फोन करा आणि सरळ दवाखाना गाठा.

प्रत्येकीने सगळी हत्यारं घ्यायची गरज नाही. पुढच्या बैठकीत घरातलं काय काय आहे ते लिहून काढा. दोन टिकाव, दोन कोयते, एक कानस एवढं गटाच्या नावावर घेतलं तरी आळीपाळीने पुरतं. आणि टिकाव हातात आला की मजुरीही टिकावाची मागा, खुरप्याची नाही.