वाटसरूचे पान

दिल्लीहून उत्तरेस जाणाऱ्या राजमार्गाला मराठी प्रवासी लागला, की त्याच्या मनाला पानिपताची ओढ लागते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु पानिपत येण्यापूर्वी, दिल्लीपासून सुमारे ५० किलोमीटरांवर, सोनीपत जिल्ह्यात मुरथल नावाचे गाव लागते. तेथे मोटारी थांबतात त्या जेवणासाठी. या गावाची कीर्ती तेथल्या ढाब्यांवर उभी आहे.

खानावळ या शब्दाने ढाब्याची कल्पना पुरती येत नाही. महाराष्ट्रातील जुनी खानावळ घर सोडून शहरात राहिलेल्यांची होती. महिन्याचे पैसे भरलेले, पाट ठरलेला, वाढपी ओळखीचा. ढाबा निघाला तो रात्रंदिवस रस्त्यावर असणाऱ्या मालमोटारीच्या चालकासाठी. वर छप्पर, पुढे मोकळे अंगण आणि अंगणात सुंभाने विणलेल्या खाटा, एवढाच जुन्या ढाब्याचा थाट असे. खाटेवर आडवी फळी टाकली की तिचेच मेज होई. चालक आणि क्लीनर समोरासमोर मांडी घालून बसत. जेवण झाले की फळी निघे आणि त्याच खाटेवर दोन घटका पाठ टेकता येई. हातपाय धुण्यास पाणी आणि निजण्यास जागा जेवणाबरोबरच मिळे, तिचे वेगळे भाडे नसे.

स्वयंपाक डोळ्यांसमोर चाले. तंदूर म्हणजे चौथऱ्यात बसविलेली मातीची खोल भट्टी. कापडी गादीवर कणकेची पोळी घेऊन ती आतल्या तापलेल्या भिंतीवर थापायची आणि डाग पडून फुगली की लोखंडी सळ्यांनी सोडवून काढायची. बाजूला काळ्या उडदाची डाळ मंद आचेवर तासन् तास शिजत राही. मुरथलची ख्याती बटाटा, मुळा, कांदा किंवा पनीर भरलेल्या पराठ्याची. त्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा असतो आणि तो खाणाऱ्याचा हात पोचण्यापूर्वीच वितळू लागतो. येथील बहुतेक ढाबे शाकाहारी आहेत, हेही अनेक मराठी प्रवाशांना सुखावते.

पंजाबच्या खेड्यात तंदूर हा मुळात साऱ्या आळीचा. घरोघरच्या स्त्रिया आपापली कणीक घेऊन येत आणि एकाच विस्तवावर रोट्या भाजून नेत. त्याला सांझा चुल्हा म्हणत. १९४७ च्या फाळणीत माणसे उखडली गेली, तशी ही चूलही त्यांच्याबरोबर निघाली. पेशावरहून आलेल्या कुंदनलाल गुजराल यांनी त्याच वर्षी दिल्लीच्या दर्यागंजात मोती महल उघडले. १९५६ साली मुरथलला सरदार प्रकाशसिंग यांनी मालमोटारवाल्यांसाठी डाळ, रोटी, भाजी आणि भात देणारा लहानसा ढाबा घातला. पुढे त्यांच्या मुलांच्या नावांनी तो ‘अमरीक सुखदेव’ म्हणून प्रसिद्धीस आला. ज्या काळात लाखो घरांची चूल विझली होती, त्याच काळात या रस्त्यावर परक्यासाठी चुली पेटत होत्या, हे विसरता येत नाही.

मराठी माणसाने या गोष्टीपाशी थोडे थांबावे. १७६० च्या ऑक्टोबरअखेर अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि दिल्ली व मराठे यांच्या मध्ये उभा राहिला. दक्षिणेची वाट बंद झाली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि अंतर्वेदीतून रसद येण्याची आशाही मावळली. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी फौज मैदानात उतरली, ती उपासमारीने खंगलेली होती. शौर्याची कमतरता नव्हती, भाकरीची होती. ज्या दिशेने त्या फौजेकडे धान्य पोचू शकले नाही, त्याच वाटेच्या कडेला आज मध्यरात्रीही कोणाला ताट नाकारले जात नाही. कोण, कोठला, कोणत्या जातीचा, हे विचारण्याची तेथे रीत नाही.

अलीकडे मुरथल पालटले आहे. अंगणाच्या जागी वातानुकूलित दालने आली, खाट कोठे कोठे शोभेपुरती उरली, आणि दिल्लीची कुटुंबे केवळ पराठ्यासाठी रात्री मोटारी काढू लागली. धंदा वाढला याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. चव टिकविणे फारसे अवघड नसते. ती हातात असते. टिकवायची आहे ती खाट. कारण शहरातला हौशी माणूस परत जाऊन आपल्या घरी निजेल. परंतु तीन रात्री चाकावर काढलेल्या चालकाला पुढचा मुक्काम अजून दूर असतो. तो धुळीने भरलेल्या कपड्यांनिशी निःसंकोच आत येऊन बसतो आणि पोटभर जेवून घटकाभर डोळा मिटतो, तोवर मुरथलच्या पाट्यांवरचा ‘ढाबा’ हा शब्द खरा आहे.