वाटाड्या कुणाचा, किल्ली कुणाची?



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, हे श्रोते धरूनच चालतात. आम्ही आज बोलणार आहोत ते एका चैनीच्या मोटारीवर. दोन दारांची, वेगाची, हौसेची मोटार. आणि तिच्यात वाट दाखवणारे कारखान्याचे यंत्र मागाहून कसे बसवतात, हा आमचा विषय. तो वाचून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ज्या गाडीत आपण जन्मात बसणार नाही, तिच्या कौतुकाशी आपल्याला काय कर्तव्य? पण आमचा अनुभव असा, की श्रीमंताच्या दारात आज येणारी गोष्ट दहा-वीस वर्षांनी गरिबाच्या दारातही येते. श्रीमंत तिची किंमत खिशातून देतो, गरीब पोटाला चिमटा घेऊन देतो. म्हणून ती श्रीमंताच्या दारात असतानाच नीट पाहून घेतलेली बरी. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात पुष्कळ झाले; तेव्हा शास्त्राचा भाग आम्ही फिटरला समजेल अशाच भाषेत सांगू.

या यंत्राला नेव्हिगेशन म्हणतात. आपल्याकडे त्याला वाटाड्या हा सुरेख शब्द आहे. मोटारीतला पहिला नकाशेवाला वाटाड्या जपानात होंडा कंपनीने १९८१ साली आणला. त्यात पारदर्शक नकाशाचा कागद घालायचा, आणि गाडी कुठे वळली हे वायूवर चालणारे एक दिक्सूचक ओळखून घेई. १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या इटॅक कंपनीने चाकांच्या फेऱ्या मोजून, कॅसेटवरच्या नकाशाशी ताडून पाहणारे यंत्र काढले. पुढे १९९० साली माझदाच्या युनोस कॉस्मो या गाडीत उपग्रहांच्या आधाराने चालणारा वाटाड्या कारखान्यातूनच बसून आला. आणि ही गाडीही दोन दारांची, वेगाचीच होती.

उपग्रहाची युक्ती समजायला कठीण नाही. अमेरिकेचे हे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरत असतात आणि प्रत्येक जण आपली वेळ आणि आपली जागा ओरडून सांगत असतो. तो निरोप पोहोचायला किती वेळ लागला यावरून अंतर कळते, आणि निदान चार उपग्रहांचे निरोप जुळले की आपण कुठे आहोत ते कळते. अमेरिकी लष्कर नागरिकांना मिळणाऱ्या खुणेत मुद्दाम चूक घालत असे. ती चूक २ मे २००० रोजी बंद झाली, आणि शंभर मीटरच्या घरातला घोटाळा दहा-वीस मीटरवर आला. मग वाटाड्या हा खेळ राहिला नाही, ती गरज झाली.

आता प्रश्न येतो तो हा. काचेला चिकटवायचा वाटाड्या बाजारात मिळतो, खिशातला फोन तर फुकट वाट दाखवतो. मग कारखान्याचेच यंत्र हवे, हा हट्ट कशाला? त्याला कारण आहे. कारखान्याचे यंत्र गाडीच्या नसांशी जोडलेले असते. चाके किती फिरली हे ते गाडीकडूनच विचारून घेते. म्हणून बोगद्यात उपग्रह दिसेनासे झाले तरी ते अंदाजाने वाट धरून राहते. वळणाचा बाण ते चालकाच्या डोळ्यांसमोर, वेगाच्या काट्याशेजारी दाखवते. ज्याने गाडी घेताना पैसे वाचवले, किंवा जुनी गाडी घेतली, त्याला पुढे वाटते, आपल्याही गाडीत ते असावे. ही इच्छा काही पाप नव्हे.

उदाहरणाला आम्ही ऑडी टीटी ही जर्मन गाडी घेतो. टीटी १९९८ साली आली, तिचा दुसरा अवतार २००६ साली आणि तिसरा २०१४ साली. २००६ च्या गाडीत ज्याच्याकडे साधा रेडिओ होता, त्याला आरएनएस-ई नावाचे कारखान्याचे यंत्र त्याच खाचेत बसवता येई. ते काम कसे होते पाहा. आधी बॅटरी सोडवायची. भोवतीची चौकट अलगद काढून जुना रेडिओ बाहेर घ्यायचा. मागचा मोठा चौकोनी प्लग नव्या यंत्राला लावायचा. उपग्रहाचा अँटेना जिथे धातूचा आडपडदा नाही अशा ठिकाणी ठेवून त्याची वायर आतून ओढून आणायची. यंत्र दुसऱ्या गाडीतून काढलेले असेल, तर ते आपला चार आकडी अंक मागे, तो द्यायचा. आणि शेवटी संगणक जोडून गाडीच्या गेटवेला, म्हणजे आतल्या नाक्यावरच्या कारकुनाला सांगायचे, की घरात नवा माणूस आला आहे, त्याचे नाव यादीत घाल. हे सांगायला लागणारी वायर आणि कार्यक्रम बाजारात विकत मिळत होता. हुशार कारागीर एका दिवसात हे सारे उरकी, मजुरी घेई, मालक खूश होऊन जाई. कुणाची परवानगी लागत नसे.

आता २०१४ च्या गाडीकडे या. तिच्यात मधला पडदाच नाही. चालकासमोर १२.३ इंचांचा एकच पडदा, त्यावरच काटे आणि त्यावरच नकाशा. वाटाड्या हवा असेल तर आतले मुख्य यंत्र बदलावे लागते. कारागीर ते बदलतोही. प्लग बसतो, वीज येते, पडदा उजळतो. आणि तरी काम होत नाही. कारण प्रत्येक यंत्र एका गाडीच्या क्रमांकाशी बांधलेले असते. यंत्राला परकी गाडी दिसली की ते संरक्षण चालू असल्याचा इशारा देते आणि काम आखडते घेते. हे बंधन सोडवायचे तर गाडी तारेने कंपनीच्या मध्यवर्ती संगणकाशी जोडावी लागते, आणि तशी जोडणी कंपनीने मान्य केलेल्या ठिकाणीच होते. त्याशिवाय नकाशाचा कार्यक्रम उघडायला वेगळा संकेतांक लागतो, तो वेगळा विकला जातो. ऑडीच्या काही गाड्यांत तर वाटाड्याची तयारी कारखान्यातच करून ठेवलेली असते. वस्तू तुमच्या घरात, तुमच्या पैशाची, आणि तिच्यावर कुलूप दुसऱ्याचे!

इथे आम्ही कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. एकतर्फी बोलणाऱ्या पुढाऱ्यावर कामगार फार दिवस विश्वास ठेवत नाहीत. युरोपात या यंत्रांच्या चोऱ्या फार होत. रात्रीतून काच फोडायची, वाटाड्या उपटायचा आणि दुसऱ्या गाडीवाल्याला विकायचा, असा धंदाच होता. परक्या गाडीत यंत्र चालेनासे झाले की चोराचा माल मातीमोल होतो. हे कारण खरे आहे आणि कुलूप लावण्याला आमची हरकत नाही. आमची हरकत आहे ती किल्ली एकाच खिशात असण्याला. चोराला अडवण्यासाठी बांधलेली भिंत प्रामाणिक मिस्त्रीलाही अडवते, आणि हळूहळू लक्षात येते, की चोरापेक्षा मिस्त्रीलाच ती जास्त अडवते.

कुणी म्हणेल, पण यात धोका आहे. अडाणी माणसाने संगणकात हात घातला आणि ब्रेक बिघडले तर? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या घराच्या भिंतीत आहे. विजेने माणूस मरतो. म्हणून वायरमनला परीक्षा द्यावी लागते, परवाना काढावा लागतो. पण तो परवाना सरकार देते. पंख्याचा कारखानदार देत नाही. अमुक कंपनीचा पंखा टांगायचा तर अमुक कंपनीचाच वायरमन हवा, असा कायदा कुणी केला असता तर आपण तो क्षणभर ऐकून घेतला असता का? मोटारीच्या बाबतीत मात्र आपण ते निमूटपणे ऐकून घेतो, कारण कुलूप डोळ्यांना दिसत नाही.

जगात याविरुद्ध लोक उठले आहेत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदारांनी कौल दिला, की मोटार दुरुस्तीची माहिती आणि साधने स्वतंत्र कारागिरालाही मिळाली पाहिजेत. २०२० साली तिथेच गाडीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीबद्दल पुन्हा मत घेतले, तेव्हा चारांतल्या जवळपास तीन मतदारांनी कारागिराच्या बाजूने कौल दिला. युरोपात २००७ च्या नियमाने स्वतंत्र गॅरेजांना दुरुस्तीच्या माहितीचा हक्क दिला. आणि २०२१ साली चोरीशी संबंध असलेल्या कामांसाठीही वाट काढली. कारागिराची पार्श्वभूमी तपासायची, त्याला मान्यता द्यायची, आणि मग ती नाजूक माहिती त्याला खुली करायची. सेर्मी असे या व्यवस्थेचे नाव आहे. म्हणजे चोराला अडवून मिस्त्रीला आत घेता येते, हे तिथल्या कायद्यानेच मान्य केले.

आपल्या देशातही हा प्रश्न परका नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड सांगितला. अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने त्या खुल्या बाजारात, स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, असा ठपका होता. पुढे अपिले झाली, दंडाच्या रकमेवर वाद झाले. पण आयोगाने ठेवलेले बोट नेमके दुखऱ्या जागेवर होते. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. तिने ज्या चार क्षेत्रांकडे आधी पाहायचे ठरवले त्यांत मोटारी आहेत, मोबाइल आहेत, घरगुती वस्तू आहेत, आणि शेतीची अवजारेही आहेत. आम्ही आरंभी म्हणालो ते इथे पटावे. चैनीच्या गाडीतले कुलूप ट्रॅक्टरपर्यंत पोहोचलेले आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याला २०२३ साली शेतकऱ्याच्या अवजारांच्या दुरुस्तीसाठी खास कायदाच करावा लागला. पेरणीचे दिवस, आभाळ भरून आलेले, आणि ट्रॅक्टर कुणा दूरच्या संगणकाची परवानगी मागत उभा, हे चित्र आपल्या शेतकऱ्याच्या वाट्याला येऊ नये.

आता थोडे आमच्या चळवळीचे. ही टीटी गाडी जर्मन म्हणवते, पण ती जुळवली जात असे हंगेरीत, ग्योर नावाच्या शहरात. २०२३ च्या नोव्हेंबरात शेवटची टीटी तिथून बाहेर पडली, तोपर्यंत २५ वर्षांत साडेसहा लाखांवर गाड्या झाल्या. याच ग्योरच्या कामगारांनी २४ जानेवारी २०१९ पासून आठवडाभर संप केला. जर्मनीतल्या भावंडांपेक्षा आपला पगार फारच कमी आहे, ही त्यांची तक्रार होती. ग्योरहून इंजिने जाईनात, तेव्हा जर्मनीत इंगोलश्टाटच्या मुख्य कारखान्यातली साखळी थांबली. आठवड्याने १८ टक्के वाढ मिळाली. यातला बोध आमच्या विषयाला लागू आहे. कंपनी समजते, की किल्ली मुख्य कचेरीत आहे. पण ज्या हातांनी इंजिन होते, ज्या हातांनी यंत्र बसते, त्या हातांतही एक किल्ली असते. ती वापरायला एकी लागते, एवढेच.

कारखान्यातल्या कामगाराला एकी करायला एक फाटक असते. गॅरेजवाल्याला फाटक नाही. तो गल्लीत एकटा, शेजारचा गॅरेजवाला त्याचा प्रतिस्पर्धी, हाताखालचा पोऱ्या असंघटित. हातात पाना धरून तो तीस वर्षे काम करतो, आणि एके दिवशी अशी गाडी येते जी त्याच्या पान्याला दादच देत नाही. तो म्हणतो, आपल्याला हे जमणार नाही, ही शिकलेल्यांची कामे. आम्हाला हे वाक्य सर्वांत जास्त टोचते. त्याला न जमण्यासारखे यात काही नाही. चाकाच्या फेऱ्या आणि उपग्रहाचे अंतर ज्याला समजते, त्याला नाक्यावरच्या कारकुनाची यादीही समजते. त्याची अक्कल कमी पडली नाही, त्याला दार उघडून दिले गेले नाही. आणि या दोन गोष्टींची गल्लत झाली, की माणूस आपणहून मान खाली घालतो.

म्हणून आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. पहिली, दोष शोधण्याची आणि यंत्र जुळवण्याची साधने रास्त किमतीत खुल्या बाजारात मिळावीत, हे कायद्याने ठरावे. दुसरी, चोरी आणि सुरक्षा यांच्याशी संबंध असलेल्या कामांसाठी वायरमनसारखा परवाना असावा, आणि तो कंपनीने न देता सरकारी मंडळाने द्यावा. तिसरी, आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलाला पान्याबरोबर हा संगणकही हाताळायला मिळावा, आणि जो पोऱ्या शाळेत गेलाच नाही त्याच्यासाठी संध्याकाळचे वर्ग असावेत. या वर्गांच्या कामात कामगार संघटनांनी पुढे यावे, आणि गॅरेजवाल्यांनी निदान एवढ्या एका मागणीपुरते शेजाऱ्याशी वैर बाजूला ठेवावे.

वाटाड्याचा धर्म काय असतो? जो वाट चुकला त्याला वाट दाखवणे. ज्या यंत्राने परक्या मुलखात वाट दाखवायची, ते यंत्र बसवणाऱ्याचीच वाट अडवून बसावे, हे आम्हाला पटत नाही. गाडी ज्याची, तिची किल्ली त्याची. आणि ज्याला काम येते, त्याला ते काम करण्याची मोकळीक. एवढा साधा न्याय मागायला आम्ही उभे राहिलो.