चप्पूवर जाणाऱ्याच्या अंगात जॅकेट

आज माशांविषयी बोलायचंय, पण कालवणाविषयी नाही. मासा धरायला जो माणूस पाण्यावर जातो, त्याच्याविषयी.

आपलं माजलगावचं धरण सिंदफणेवर. पैठणच्या उजव्या कालव्यानं नाथसागराचं पाणीही त्यात येतं. धरण भरलं की पाणी लांबवर पसरतं. जुन्या गावांच्या पडक्या भिंती, बाभळीची खोडं सगळी त्याच्या खाली, आणि जाळं नेमकं तिथंच अडकतं. दिवस मावळताना जाळं लावायचं, पहाटे अंधारात काढायचं. जायचं कशावर? थर्माकोलचे तुकडे पोत्यात शिवून केलेल्या चप्पूवर, नाहीतर ट्रकच्या ट्यूबवर. अडकलेलं जाळं सोडवायला माणूस एका अंगाला वाकला की चप्पू कलंडतो. पायाला जाळं गुंतलं तर पट्टीचा पोहणाराही काय करणार? घरी चूल पेटवून बसलेल्या बाईला उजाडेपर्यंत काही कळत नाही.

तिकडं अमेरिकेत डोंगरातल्या नद्यांवर लोक रबरी होडीतून दिवसभर प्रवाहाबरोबर जातात. गळाला गांडूळ लावत नाहीत. पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करतात, ट्राऊट नावाचा मासा तिला फसतो. आणि पुष्कळजण धरलेला मासा परत सोडून देतात! बैठकीत हे सांगितलं तेव्हा बाया पदर तोंडाला लावून हसल्या. "मग गेले कशाला?" खरंय. पण त्या होडीत माणशी एक जीवरक्षक जॅकेट ठेवावंच लागतं, तसा कायदाच आहे. हौसेला जाणाऱ्याला जॅकेट, आणि पोटासाठी जाणाऱ्याला नुसती बनियन. हसू तिथंच थांबलं.

त्या दिवशी आम्ही गटात ठरवलं, जाळ्यासाठी किंवा चप्पूसाठी कर्ज मागितलं तर जॅकेटचे पैसे त्यातच धरायचे. जॅकेट नको तर कर्जही नको. घरची माणसं कुरकुरली. उकडतं म्हणे, हात चालत नाही म्हणे. बिनबाह्यांचं घेतलं तर हात मोकळे राहतात. घेताना माणसाचं वजन सांगा, पट्टे कमरेला आवळून बघा. सैल जॅकेट पाण्यात गळ्याशी चढतं. रिकामा तेलाचा डबा बांधून नेतात, तो धरायला बरा, पण बेशुद्ध माणूस डबा धरत नाही.

दुसरं काम कागदाचं. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना 2020 साली सुरू झाली. तिच्यातल्या अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 5 लाख, कायमचं अर्धवट अपंगत्व आलं तर अडीच लाख, दवाखान्याला 25 हजारांपर्यंत मिळतात. हप्ता सरकार भरतं. याच योजनेत बाईच्या नावानं प्रस्ताव केला तर अनुदान 60 टक्क्यांपर्यंत, इतरांना 40. मासे निवडायचे आपण, बाजारात पाटी घेऊन बसायचं आपण, आणि कागदावर नाव फक्त घरधन्याचं, असं किती दिवस?

विम्यासाठी नाव आधी नोंदलेलं लागतं, अपघात झाल्यावर धावून उपयोग नाही. आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक पिशवीत टाका, मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन सध्या काय चालू आहे ते विचारा. एकटीला जमत नसेल तर गटातल्या दोघी-तिघी मिळून जा. आमच्याकडच्या बाया बाजारच्या दिवशी पाटी विकून झाली की तशाच जाणार आहेत.